पाच सह्या आणि एक नारळ

चार दिवस गोव्यात राहून समुद्राचा थेंबही न बघता परत आलेली बाई म्हणून आमच्या गल्लीत सध्या माझं नाव झालं आहे. शेजारच्या वहिनींनी तर हळूच विचारलं, "मग नक्की गेली होतीस कुठं?" मी म्हटलं, पेडण्याला, सुर्ल्याला आणि कारापूरला, काजूच्या कामासाठी. त्यांनी लगेच माझ्या पिशवीत डोकावून घेतलं. काजूही नव्हते. जे आणलं ते इथे लिहून काढते आहे, कारण परत आल्यापासून मला एकटीलाच मधूनमधून हसू येतं आणि घरचे काळजी करायला लागले आहेत.

आधी थोडं कामाचं. कोल्हापुरात आण्णांचा काजूकतलीचा कारखाना आहे आणि मी तिथे बारा वर्षं खरेदी बघते. मुंबईची एक मोठी दुकानसाखळी आमची कतली घेते. त्यांनी यंदा कळवलं की यापुढे माल द्यायचा असेल तर काजू कुठल्या बागेतून, कुणाच्या गाडीतून, कुणाच्या हातून येतो ते दाखवा, आणि त्या सगळ्यांनी एकत्र बसून निसर्गाला धक्का न लावता धंदा करायचा करार करा. कराराला 'सामायिक सनद' असं भारदस्त नाव होतं आणि तो संगणकावर भरायचा होता. प्रत्येक सहभागी माणसाचं नाव, त्याचं वचन, सही आणि फोन नंबर. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी अर्ज हट्टानं जागचा हलत नाही.

आमचा काजू येतो कारापूरच्या शैलाताईंच्या शेडमधून. बारा वर्षं आम्ही रोज फोनवर बोलतो, एकमेकींच्या पोरांच्या परीक्षा, सासवांची दुखणी सगळं ठाऊक, पण तोंड पाहिलेलं नाही. सोमवारपर्यंत सनद भरली नाही तर शैलाताईंचं नाव यादीतून जाणार आणि आम्ही कागदपत्रं तयार असलेला बाहेरदेशीचा काजू घेणार, असं ठरलं होतं. आमच्याइतकं मोठं गिऱ्हाईक त्यांना दुसरं नाही. म्हणजे त्यांच्यासकट तेरा बायकांची शेड बंद.

निघताना आण्णांनी बजावलं, "पाच सह्या आण. बागवाला, गाडीवाला, शैलाताई, शेजारपाजारचं कुणीतरी आणि पाचवी तुझी, आपल्या वतीनं. त्यांच्याकडून काय पाहिजे ते वचन घे. आपण मात्र कशात अडकायचं न्हाई. कळलं?" मी मान हलवली. आण्णांचं कागदावर फारसं प्रेम नाही, पण नारळावर फार. मागे एकदा मुहूर्ताचा नारळ नासका निघाला म्हणून नव्याकोऱ्या यंत्राला त्यांनी महिनाभर कुणाला हात लावू दिला नव्हता.

बुधवार, पेडणे

पुंडलिककाकांची बाग डोंगराच्या उतारावर आहे. पायवाटेला लागल्यापासून पिकल्या काजूबोंडांचा वास असा अंगावर येतो की आपण मुरांब्याच्या बरणीत उतरतोय असं वाटावं. काका सत्तरीचे, काटकुळे, डोक्यावर टॉवेल. कानात सांगायच्या सुरात बोलायचे, पण गावात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मान यांचा. त्या अंगातून तो आवाज कुठून निघत असेल, असा मला प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर शनिवारी मिळालं.

मी फाईल उघडली तशी काकांनी ती हळूच मिटली. "आदी नीरो घेवया. मागीर काम."

बोंडं ठेचून वर दगड ठेवला की थेंब थेंब जो रस गळतो तो नीरो. गोड, जरासा घशाला धरणारा. याची दारू नंतर होते, हा मात्र चढत नाही असं काकांनी तीनदा सांगितलं. मी तीन पेले प्यायले. चढत नाही हे खरं, पण उतारावरून खाली येताना मी विनाकारण हसत होते. जेवायला हंगामातल्या शेवटच्या ओल्या काजूंची भाजी होती. आम्ही कोल्हापूरकर कशातही लाल तिखट ओतून त्याची ओळख पुसून टाकतो. काकांच्या घरी काजूला काजूची चव होती आणि मी ती तीन वाट्या भरून तपासली.

मग काम. काका खतांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून काजू भरत होते. त्यात माल घामेजतो, बुरशी धरतो, आणि फाटक्या पिशव्या ओहोळात जाऊन अडकतात. मी म्हटलं, गोणपाट का नाही?

"गोणपाट आसात. पूण भरून दवरल्यार वाळवी खाता. गाडी केन्ना येतली ती गाडयेक पासून म्हायत नासता." काकांनी विडी पेटवली. "पयलीं गाडी वेळार येवंदी. मागीर हांव गोणपाट वापरतां."

मी वहीत लिहिलं: काका तयार, गाडी आधी. जाता जाता काकांनी रस्त्यालगतचा एक घाणा दाखवला. तिथे काजूच्या टरफलांचं तेल काढतात, होड्यांच्या लाकडाला लावायला. टरफलं कमी पडतात म्हणून घाणा निम्मा वेळ बंद असतो. मी तेही लिहून ठेवलं, कशासाठी ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

गुरुवार, सुर्ला

उमेशबाबांच्या अंगणात चार ट्रक उभे होते. हे ट्रक एके काळी खाणीचा माल वाहायचे. ते काम कधी चालू, कधी बंद, म्हणून एका गाडीवर त्यांनी काजू धरला. माणूस दिलखुलास आणि अंगानं भरभक्कम. मी पोचले तेव्हा पाववाला सायकलचा भोंपू वाजवत आला होता, आणि उमेशबाबांनी माझ्या उत्तराची वाट न बघता दोन उंडे माझ्या नावाचे घेतले. उंडा म्हणजे बाहेरून कडक, आतून पोकळ असा गोल पाव. तो पातळ भाजीत बुडवून खाताना मला वाटलं, आपल्याकडे मिसळीला पाव म्हणजे नुसता सोबती. इथे पावालाही मत आहे.

"गाडी वेळेवर का जात नाही?" मी तोंड पुसत विचारलं.

"वतना रिकामी वता न्हय गे," उमेशबाब म्हणाले. "कारापूरसून पेडण्याक रिकामी गाडी धाडल्यार डिझेल कोण दितलो? दुसरो भार मेळासर राव्चें पडटा. पयलीं वचपाक भार दी. मागीर हांव घड्याळ बांदून येतां."

मी वही काढली आणि लिहिलं: उमेशबाब तयार, जातानाचा भार आधी. लिहिता लिहिता हातातला उंडा बशीत पडला. आदल्याच पानावर टरफलांचा घाणा होता. पेडण्यात. मी इतक्या मोठ्यानं हसले की उमेशबाबांची बायको खिडकीतून डोकावून विचारायला लागली, भाजी तिखट झाली का.

शुक्रवार, कारापूर

शैलाताईंनी मला दारातच मिठी मारली आणि मग दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. फोनवरच्या आवाजावरून मी त्यांना उंच, गोऱ्या, चष्मेवाल्या केलं होतं. त्या बुटक्या, सावळ्या, आणि नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. त्यांनी मला काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण हसल्या बराच वेळ.

शेडमध्ये बायका काजू फोडत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. हाताला काही न लावता मी चारपाच बिया फोडल्या आणि तेच बोट ओठाला लावलं. टरफलातलं तेल कातडी जाळतं हे बारा वर्षं खरेदी करणाऱ्या बाईला माहीत असायला हवं होतं. क्षणात ओठ सुजून वडा झाला. बेळगावकडून येऊन इथंच स्थायिक झालेली रत्नव्वा खोबरेल घेऊन धावली. "अक्का, खरेदी तुमी करा, फोडायचं आमाला सोडा की," म्हणाली. पुढचे दोन दिवस माझा प्रत्येक 'प' आणि 'ब' त्या ओठावर अडखळत होता, आणि 'पुंडलिक' म्हणायचं मी टाळत होते.

शेडच्या मागे भट्टी. तिथे काजू वाफवायला ही टरफलंच जाळतात. काळा, तेलकट धूर, आणि तो सरळ जातो शेजारच्या सत्यवतीकाकींच्या दोरीवर. काकी हातात चादर घेऊनच आल्या. नऊवारी, ताठ कणा, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली.

"पळय. हें धवें आशिल्लें," त्या म्हणाल्या आणि एके काळची पांढरी चादर माझ्या मांडीवर ठेवली. ती आता राखाडी मांजराच्या रंगाची होती.

"टरफलां उडोवपाक जागो ना, काकी, म्हूण जाळटां," शैलाताई म्हणाल्या. "कोणी व्हेल्यार आयजच बंद करतां."

आता मला गप्प बसवेना. मी जमिनीवरच खडूनं वर्तुळ काढलं. शैलाताईंची टरफलं उमेशबाबांच्या रिकाम्या गाडीतून पेडण्याच्या घाण्यावर जातील. घाण्यावर तेल निघाल्यावर उरलेला चोथा कमी धुराचा असतो, तोच भट्टीसाठी परत येईल. सोबत काकांचा काजू गोणपाटात, वेळेवर. गाडी जाताना भरलेली, येताना भरलेली. चादर पांढरी. शैलाताईंनी वर्तुळावरून एकदा बोट फिरवलं, मग दुसऱ्यांदा फिरवलं, आणि हळूच म्हणाल्या, "बरें दिसता." मी त्या रात्री झोपेतही हसले असणार.

शनिवार, कारापूरच

गोव्यात दुपारी एक ते चार जगबुडी झाली तरी कुणी उठत नाही. म्हणून बैठक साडेचारला. काका पेडण्याहून आले, उमेशबाब सुर्ल्याहून, काकी कुंपण ओलांडून. शेडच्या अंगणात मोठं सातवणीचं झाड आहे, छान सावली. मी पाच खुर्च्या गोल मांडल्या, वर्तुळाचा मोठा रंगीत तक्ता केला होता तो झाडाच्या बुंध्याला सुतळीनं बांधला, चपला आणि पिशवी बुंध्याशी टाकली आणि भाषण सुरू केलं.

अर्धा तास मी बोलले. ओठ सुजलेला असूनही उत्तम बोलले. मग म्हटलं, "तर मग, कोण आधी सही करतंय?"

काका जमिनीकडे बघत होते. उमेशबाब किल्ल्या मोजत होते. "पळोवया," म्हणजे बघूया, असं ते म्हणाले. "पळोवया," काकाही म्हणाले. कोल्हापुरात माणसाला पटलं नाही तर तो तोंडावर सांगतो आणि वर चहा पाजतो. इथे चहा आला, बिस्किटं आली, पण कुणी माझ्याकडे बघेना. काकी तर तक्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. शैलाताईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि शेडकडे बघितलं, जिथे बारा जणी काम थांबवून कान देऊन उभ्या होत्या. सोमवार परवावर होता.

तेवढ्यात रत्नव्वा माझ्या कानाशी आली. "अक्का, तेवढा कागद काढा की. झाडाखाली राखणदार हाय."

मी वळून बघितलं. बुंध्याशी, माझ्या तक्त्याच्या बरोबर खाली, शेंदराचा ठिपका लावलेला दगड होता. त्याच्यापुढे वाळलेली फुलं, दोन केळी, एक विडी. आणि त्याला खेटून माझ्या चपला. गावाची, शिवाराची, येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण करणारा तो. त्याच्या तोंडावर कागद बांधून मी अर्धा तास 'सर्वांना सोबत घेऊन' या विषयावर बोलत होते.

तक्ता मी फाडूनच काढला. चपला उचलल्या, त्या कुठे ठेवाव्यात ते सुचेना म्हणून छातीशी धरून उभी राहिले. मग काय करावं न कळून शैलाताईंना म्हटलं, आणखी एक खुर्ची आणू का?

काका पहिल्यांदा हसले. "कदेल कित्याक? तो बसना गो बाये. तो भोंवता." सतत फिरत असतो म्हणे.

आणि सगळे खुर्च्या सोडून उभे राहिले. वातावरण एकदम मोकळं झालं. उमेशबाबांनी किल्ल्या खिशात टाकल्या. काका काकींकडे वळून आदबीनं म्हणाले, "हांगाचो मान कोणाचो?"

"आमच्या घराचो," काकी म्हणाल्या. ज्यांना आण्णांनी 'शेजारपाजारचं कुणीतरी' म्हटलं होतं आणि मी अर्जात तसंच लिहिलं होतं, त्या बाईंच्या होकाराशिवाय त्या अंगणात पानही हलणार नव्हतं. "नारळ हांव दवरतां. गाऱ्हाणें तूं घाल, तुजो आवाज बरो. पूण पुराय घाल. अर्दें न्हय."

काकींनी नारळ ठेवला. काकांनी डोक्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला आणि तोंड उघडलं. त्या काटकुळ्या माणसाचा आवाज कुंपणापलीकडे गेला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज हे पाच जाण तुज्या मुखार उबे आसात. तुका इचारिनासतना तांणी बैठक सुरू केली, ती चूक पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"पेडण्याचो बागायतदार काजू सुकोवन गोणपाटांत भरतलो, प्लास्टिकाक हात लावचो ना रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सुर्ल्याची गाडी वतना टरफलां व्हरतली, येतना काजू हाडटली, आनी वेळार येतली रे म्हाराजा."

उमेशबाबांचा 'व्हय' जरा खालच्या पट्टीत आला. काकींनी मान वळवून बघितलं. त्यांनी परत म्हटलं, पूर्ण छातीनं.

"कारापूरच्या भट्टींत तेल काडिल्लेंच टरफल जळटलें, कोणाचें धवें काळें जावचें ना रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." शेडमधल्या बाराही जणी त्यात होत्या. मला तर पंख फुटले होते.

"आनी कोल्हापूरचो घेणारो हंगाम सरसर कारापूरचोच काजू घेतलो, अर्द्या वाटेर पाठ फिरोवचो ना रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. आणि मग मला ऐकू आलं की मी काय म्हणाले.

"जो कोण उतर मोडीत, तेका तूं वाटेर हाड रे म्हाराजा."

शब्द मोडणाऱ्याला वाटेवर आण, या शेवटच्या गाऱ्हाण्याला मात्र मी फक्त ओठ हलवून 'व्हय' म्हटलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि दोन मिनिटांत चार सह्या झाल्या, पाचवी माझी. काकींनी सही करून कागद परत दिला नाही. "तेचें नांव वयर घाल," म्हणाल्या. मी पहिल्या ओळीवर लिहिलं: राखणदार, कारापूर. वचन: लक्ष ठेवणे.

मग शैलाताईंनी सगळ्यांची बोळवण केली. बस यायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. मालकानं मला हे वचन द्यायला सांगितलं नव्हतं, हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरच वाचलं होतं.

"तुज्या मालकान ना म्हळ्यार?"

"बघते," मी म्हटलं. म्हणजे 'पळोवया'. चार दिवसांत मी गोवेकरीण झाले होते.

सोमवार, कोल्हापूर

आण्णांनी कागद एकदा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"हंगामभर घेणार, हे कुणी सांगितलं?"

"मी, आण्णा."

"मी काय सांगितलं होतं?"

"अडकायचं न्हाई."

"मग?"

दोन रात्री मी उत्तरं पाठ केली होती. टरफलं, धूर, वाफवणी, मुंबईची मर्जी. त्यातलं एकही आठवेना. "राखणदारापुढं नारळ ठेवला होता, आण्णा. सगळ्यांबरोबर मी पण म्हटलं."

आण्णांनी कागद खाली ठेवला. बाहेर कतलीचं यंत्र चालू होतं, तेच, महिनाभर उपाशी ठेवलेलं.

"फुटला कसा?"

"एका घावात. दोन सारख्या वाट्या."

"आत?"

"पांढराशुभ्र."

आण्णांनी पेन मागितलं. माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली आणि वर तारीख घातली. मी तिथंच खुर्चीवर बसले. शैलाताईंना फोन लावून सांगितलं, आणि आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या हसलो आणि रडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. टरफलांनी भरलेला ट्रक, शेजारी उमेशबाब, आणि मनगटावर खरंच नवंकोरं घड्याळ.

पण सोमवारी आणखी एक गंमत बाकी होती. संगणक अर्ज घेईना. पहिल्या ओळीतल्या सहभागी व्यक्तीचा फोन नंबर भरा, असं लाल अक्षरांत म्हणत होता. मी म्हटलं, आण्णा, हे नाव काढून टाकू का? पाच पुरेत त्यांना.

"काढायचं न्हाई," आण्णा म्हणाले. "माझा नंबर घाल."

दोन दिवसांनी मुंबईहून पडताळणीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. पलीकडच्या मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. राखणदार, कारापूर, यांच्याशी बोलायचं आहे. आण्णांनी पायातल्या चपला काढल्या, खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि मगच म्हणाले, "त्यांच्या वतीनं बोलतोय."

"या पुरवठा साखळीत त्यांची जबाबदारी काय आहे, सर?"

आण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"लक्ष ठेवतात," ते म्हणाले. "माझ्यावर."